काडतूस भरायचे कुठून?

१८६२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत एका नव्या रायफलीची चाचणी झाली. नाव हेन्री. एका लेफ्टनंटने घड्याळ लावून नोंदी केल्या. पंधरा गोळ्यांचा पूर्ण साठा १०.८ सेकंदांत संपला. भरण्याचा वेळ वगळून मोजले, तेव्हा १८७ गोळ्या ३ मिनिटे ३६ सेकंदांत सुटल्या. ठासणीची बंदूक वापरणारा सराईत शिपाई त्या काळी मिनिटाला जेमतेम तीन बार काढी. कारखान्याचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर यापुढे कितीतरी वर्षे असेच आकडे मिरवणार होता.

त्याच चाचणीत दुसरी एक नोंद झाली, ती कमी मिरवली गेली. भरणे आणि झाडणे दोन्ही धरून १२० गोळ्यांना साडेपाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. एका गोळीमागे जवळपास तीन सेकंद. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ भरण्यातच जात होता.

हातातला लिव्हर खाली ढकलला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा मागे चढतो; लिव्हर वर ओढला की नवे काडतूस नळीत शिरते. ही करामत हेन्रीच्या बंदुकीत जवळजवळ सुटली होती. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या, पण मूळ हालचाल तीच राहिली. सुटला नव्हता तो त्याआधीचा प्रश्न : काडतूस बंदुकीच्या पोटात भरायचे कुठून? पुढून, मागून, बाजूने की वरून? पुढची दीडशे वर्षे कारखानदार, शिपाई, शिकारी आणि हौशी नेमबाज या एका गोष्टीवरून भांडत आले आहेत.

सुरुवात न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटपासून करावी लागते. सेफ्टी पिनेचा शोध लावणारा हाच. पंधरा डॉलरचे देणे फेडायला त्याने त्या पिनेचे हक्क चारशे डॉलरना विकून टाकले, यावरून त्याच्या व्यवहारज्ञानाची कल्पना यावी. १८४८ मध्ये त्याने पोकळ गोळीच्या पोटातच दारू भरली आणि पुढच्या वर्षी ती गोळी झाडणारी, नळीखाली लांब नळकांडे असलेली रायफल काढली. बंदूक नाजूक आणि गुंतागुंतीची होती. ल्यूइस जेनिंग्जने ती सोपी केली, होरेस स्मिथने आणखी सुधारली, मग स्मिथ आणि डॅनियल वेसन या जोडीने १८५४ मध्ये तिचे नवे पेटंट घेतले. त्यातून निघालेल्या व्होल्कॅनिक कंपनीत कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या एका शर्ट बनवणाऱ्याने पैसा घातला. तो विंचेस्टर. कंपनी बुडाली, स्मिथ आणि वेसन रिव्हॉल्व्हरकडे वळले आणि बुडीत धंदा १८५७ मध्ये शर्टवाल्याच्या गळ्यात पडला. बंदुकीतले त्याला फारसे कळत नव्हते, माणसे मात्र कळत. कारखान्याची जबाबदारी त्याने बेंजामिन टायलर हेन्रीवर सोपवली.

हेन्रीचे मोठे काम बंदुकीइतकेच काडतुसात होते. पोकळ गोळीत दारू फारच थोडी मावे. हेन्रीने तांब्याच्या पुंगळीचे .४४ चे काडतूस तयार केले. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले, म्हणजे वेगळी टोपी चढवायला नको. १६ ऑक्टोबर १८६० ला त्याला पेटंट मिळाले. त्याच्या नावाचे पहिले अक्षर विंचेस्टरच्या कडेवर पेटणाऱ्या काडतुसांच्या बुडाशी नंतरही ठोकले जात राहिले. बंदुकीवरून हेन्रीचे नाव लवकर गेले, काडतुसावर ते टिकले.

भरण्याची पद्धत मात्र त्याने व्होल्कॅनिककडून जशीच्या तशी उचलली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. बंदूक दस्त्यावर उभी करायची. नळीखालच्या नळकांड्याला खालून आरपार खाच आहे आणि त्या खाचेतून एक पितळी बोंडूक बाहेर डोकावते. ते आतल्या स्प्रिंगच्या जोरावर मात करत थेट नळीच्या तोंडापर्यंत वर सरकवायचे. मग तोंडाजवळचा काही इंचांचा तुकडा बाजूला फिरवायचा. नळकांडे उघडे पडते. त्यात काडतुसे बुडाकडून एकेक सोडायची. पंधरा. मग तुकडा परत जागेवर आणायचा आणि बोंडूक जपून खाली सोडायचे, कारण हातातून निसटले तर ते सगळ्या जोराने काडतुसांवर आपटते. एवढे होईतो बंदूक निकामी, आणि भरणारा उभा किंवा गुडघ्यावर. समोरून कोणी धावत येत असेल तर ही पंधरा-वीस सेकंदे फार लांब वाटत असणार.

खाचेतून माती शिरे, पाणी शिरे, गवत अडके. नळीखाली लाकूड नसल्याने चार-पाच डझन बारांनंतर नळी हाताला चटका देई. शिवाय गोळ्या संपत जात तसे ते पितळी बोंडूक मागे मागे सरके आणि बंदूक धरणाऱ्या डाव्या हाताला येऊन अडे. मग हात उचलून बोंडकाच्या पलीकडे ठेवायचा. हेन्री चालवणारे आजचे हौशी नेमबाजही चार-सहा बारांनंतर हा पवित्रा बदलतात. त्यांच्यात या हात उडवण्याला स्वतंत्र नावही आहे.

तरी अमेरिकेच्या यादवी युद्धात ज्यांच्या हाती ती पडली ते तिच्यावर खूश होते. किंमत चाळीस डॉलरच्या आसपास, शिपायाचा महिन्याचा पगार तेरा डॉलर. केंद्र सरकारने सतराशेच्या वर काही बंदुका घेतल्या. उरलेल्या बहुतेक शिपायांनी पदरच्या पैशाने. इलिनॉयच्या सातव्या पायदळ रेजिमेंटने अशाच स्वखर्चाने हेन्री घेतल्या होत्या. ५ ऑक्टोबर १८६४ ला जॉर्जियातल्या अलाटूना खिंडीत दक्षिणेच्या मोठ्या तुकडीपुढे ही रेजिमेंट उभी ठाकली. खिंड टिकली. रविवारी भरून आठवडाभर झाडता येणारी बंदूक, असा तिचा उल्लेख दक्षिणेचे सैनिक करत, असे सांगतात. गंमत म्हणजे ही तारीफ झाडण्याची आहे; रविवारी भरताना काय यातना होतात हे शत्रूला कुठून कळणार!

त्याच युद्धात हेन्रीच्या कितीतरी पट वापरली गेलेली बंदूक होती स्पेन्सर. क्रिस्टोफर स्पेन्सरने काडतुसे चक्क मागून, दस्त्यातून भरली. दस्त्याच्या बुडाशी असलेले नळकांडे ओढून काढायचे, भोकात सात काडतुसे सोडायची, नळकांडे परत खुपसायचे. पोटातला हा मार्ग लाकडाने झाकलेला असल्याने मातीचा त्रास नाही आणि नळीपुढचा भाग मोकळा. दोष असा की तिचा लिव्हर घोडा चढवत नसे. तो प्रत्येक वेळी अंगठ्याने ओढावा लागे. म्हणजे झाडण्यात हेन्री पुढे, भरण्यात स्पेन्सर. आणि भरण्यातली आघाडी तिने आणखी वाढवली ती ब्लेकस्ली नावाच्या काडतूसपेटीने. कातडी पेटीत आधीच सात-सात काडतुसे भरलेल्या पत्र्याच्या नळ्या. एक काढायची, दस्त्यात उपडी करायची, फेकायची. पुढे यंत्रयुगातल्या सगळ्या सैन्यांना आयत्या भरलेल्या मॅगझिनची जी सवय लागली, तिचा हा आजोबा म्हणायला हरकत नाही.

लष्करी शस्त्रविभागाचा प्रमुख जेम्स रिप्ली याला या भानगडी पसंत नव्हत्या. जलद झाडणारी बंदूक म्हणजे काडतुसांची उधळपट्टी, असे त्याचे सरळ गणित. पण टेनेसीतल्या हूव्हर्स गॅपला २४ जून १८६३ रोजी जॉन वाइल्डरच्या घोड्यावर बसवलेल्या पायदळाने स्पेन्सरच्या जोरावर खिंड झपाट्याने घेतली आणि धरून ठेवली. ऑगस्टमध्ये स्पेन्सर स्वतः राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटला. वॉशिंग्टनमधल्या मोकळ्या मैदानात एका फळीवर लिंकननी सात गोळ्या झाडून पाहिल्या. सरकारने अखेर एक लाखाहून अधिक स्पेन्सर घेतल्या. युद्ध संपल्यावर याच बंदुका सरकारी गोदामांतून स्वस्तात बाजारात उतरल्या, नव्या घेणार कोण? १८६९ पर्यंत स्पेन्सर कंपनी विंचेस्टरच्या खिशात गेली होती.

दस्त्यातून भरण्याचा मार्ग एका दंतवैद्याने मात्र टोकाला नेला. मेन राज्यातल्या वॉरन इव्हान्सने दस्त्यात लांबलचक मळसूत्र बसवले. लिव्हर हलवला की मळसूत्र थोडे फिरे आणि काडतूस पुढे सरके. चौतीस काडतुसे मावत! ती भरायलाही तेवढेच लिव्हर हलवावे लागत. १८७३ ते १८७९ एवढेच या कारखान्याचे आयुष्य. चौतीसचा आकडा ऐकून दिपणारे गिऱ्हाईक बंदूक उचलल्यावर भानावर येत असावे.

विंचेस्टरच्या कारखान्यात हेन्रीचे मालकाशी बिनसले आणि तो बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या नेल्सन किंगने १८६६ च्या मे महिन्यात जे पेटंट घेतले ते लिव्हर रायफलीच्या इतिहासातले सर्वांत टिकाऊ ठरले. पाहायला ते काहीच नाही. लिव्हरच्या वर, बंदुकीच्या पितळी सांगाड्याच्या उजव्या बाजूला एक अंडाकृती भोक आणि त्यावर स्प्रिंगची एक झडप.

काडतूस चिमटीत धरायचे, टोकाने झडप आत दाबायची, अंगठ्याने बूड ढकलायचे. काडतूस आतल्या पितळी ठोकळ्यातून सरकत नळीखालच्या नळकांड्यात जाते, झडप आपोआप मिटते. पुढचे काडतूस त्याला आणखी पुढे रेटते. नळकांड्याला आता खाच नको, बोंडूक नको. नळीखाली लाकूड बसवता आले, त्यामुळे हाताला चटका नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे बंदूक कधीच निकामी होत नाही. तीन बार काढले, तीन काडतुसे झडपेतून आत सारली, पुन्हा खांद्याला. घोड्यावर बसून, चालत, झुडपाआड पडून, अंधारात चाचपडतही हे करता येते.

झडपेला एक खोड आहे, ती वापरणाऱ्याखेरीज कोणाला कळत नाही. स्प्रिंग कडक असते आणि पत्र्याची धार अंगठ्याला लागते. दहा-वीस काडतुसे भरली की नखाच्या कडेची कातडी सोलवटते. म्हणून जुनी खोडे काडतूस पूर्ण आत ढकलतच नाहीत. बुडाचा थोडा भाग झडपेत अडकवून ठेवतात, म्हणजे झडप उघडी राहते. पुढच्या काडतुसाच्या टोकाने आधीचे आत सारायचे. फक्त शेवटच्यालाच अंगठ्याचा मार.

पितळी रंगावरून या १८६६ च्या बंदुकीला ‘यलो बॉय’ म्हणू लागले. तिची मोठी लष्करी परीक्षा अमेरिकेत झालीच नाही, झाली बल्गेरियात. तुर्कस्तानने १८७० च्या सुमारास विंचेस्टरकडून पन्नास हजार बंदुका मागवल्या होत्या. १८७७ च्या उन्हाळ्यात प्लेव्हनाच्या खंदकांत उस्मान पाशाच्या सैन्याने रशियन हल्ले एकामागून एक मोडून काढले. ३० जुलैच्या दुसऱ्या हल्ल्यात रशियाची सात हजारांवर माणसे गेली किंवा जायबंदी झाली. तुर्कांकडे लांब पल्ल्याला पीबॉडी-मार्टिनी ही एकबारी बंदूक होती आणि जवळ आलेल्यांसाठी विंचेस्टर. विंचेस्टरनेच प्लेव्हना राखले असे पुढे लिहिले गेले, त्यात जाहिरातबाजी बरीच आहे. खंदक आणि मार्टिनी यांचा वाटा मोठा होता. पण खंदकात वाकून बसलेल्या शिपायाला शेजारच्या पेटीतून मूठभर काडतुसे घेऊन बाजूच्या झडपेतून भरत राहता येते, ही सोय हेन्रीच्या नळकांड्याने कधी दिली नसती. डिसेंबरात प्लेव्हना पडले ते उपासमारीने. विंचेस्टरचा हिशेब मात्र रशियाच्या ध्यानात राहिला, असे पुढच्या एका सौद्यावरून वाटते.

दरम्यान विंचेस्टरने १८७३ ची बंदूक काढली. सांगाडा लोखंडी, काडतूस .४४-४०, मध्यभागी टोपी असलेले. कोल्टने आपले रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बनवायला घेतले आणि गुराख्याला कमरेला व खोगिराला एकच काडतूस पुरू लागले. १९२० च्या दशकापर्यंत या बंदुका सात लाखांहून अधिक निघाल्या.

अमेरिकन सैन्य मात्र त्याच साली उलट दिशेला गेले. ब्रिगेडियर जनरल आल्फ्रेड टेरी यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने शंभराच्या आसपास बंदुका तपासल्या आणि निवडली स्प्रिंगफील्ड : एका वेळी एकच काडतूस, वरचे झाकण उघडून भरायचे. कारणे अगदीच खुळी नव्हती. विंचेस्टरचे काडतूस कमी ताकदीचे होते; स्प्रिंगफील्डची गोळी दूर जाई, घोडाही पाडी. पण १८७६ च्या जूनमध्ये टेरींच्याच मोहिमेतला कस्टर लिटल बिगहॉर्नच्या टेकड्यांवर सापडला, तेव्हा त्याच्या पथकाकडे ही एकबारी बंदूक होती आणि समोरच्या लकोटा व शायान योद्ध्यांत अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागून गवत जळाले. त्यानंतरच्या उत्खननात पुंगळ्या मिळाल्या, त्यांत हेन्री, १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टर या सगळ्यांच्या होत्या. लिटल बिगहॉर्नच्या तेरा वर्षे आधी गेटिसबर्गला याच कस्टरच्या हाताखालच्या मिशिगन घोडदळात सातबारी स्पेन्सर होत्या. हरलेल्या लढाईला बंदूक हे एकच कारण देणे चूक, तरी ही उलटगती नजरेआड करण्यासारखी नाही.

सैन्याची तक्रार खरी होती हे विंचेस्टरलाही कळत होते. अडचण होती झडपेमागच्या त्या पितळी ठोकळ्यात. काडतुसाला नळीच्या पातळीवर नेणारा हा ठोकळा इमारतीतल्या लिफ्टप्रमाणे सरळ वर-खाली होतो. त्यात बसणाऱ्या काडतुसाची लांबी ठरलेली. थोडे लांब झाले तर ठोकळा हलत नाही, आखूड झाले तर मागचे काडतूस अर्धे आत घुसते आणि सगळेच अडकते. मोठे काडतूस हवे तर सगळी बंदूक मोठी करा. १८७६ ची विंचेस्टर तशीच होती : भलीमोठी, आणि तरी सैन्याचे .४५-७० काडतूस न घेणारी. न्यू हेवनमधलाच शेजारी जॉन मार्लिनने १८८१ च्या बंदुकीत ते काडतूस बसवून दाखवले.

उत्तर युटामधल्या ऑग्डेन गावातून आले. जॉन ब्राउनिंग नावाच्या तरुणाची एक एकबारी रायफल विंचेस्टर कंपनीच्या टी. जी. बेनेटने १८८३ मध्ये आठ हजार डॉलरना विकत घेतली होती. त्या भेटीतून पुढे आलेली १८८६ ची लिव्हर रायफल दोन उभ्या पोलादी पट्ट्यांनी मागचे दार असे जखडते की .४५-७० तर सोडाच, त्याहून जबर काडतुसेही ती पचवते. ठोकळा गेला, त्याजागी एका टोकावर झुलणारा उचलक आला. किंगची झडप राहिली. तिचेच लहान रूप म्हणजे १८९२ ची. ते महिनाभरात करून दिले तर वीस हजार डॉलर, नाही तर फुकट, अशी पैज ब्राउनिंगने लावली आणि जिंकली, असे सांगतात. मग १८९४ ची, पुढच्या वर्षी बिनधुराच्या दारूच्या .३०-३० काडतुसासह. हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या सामान्य अमेरिकन माणसाची बंदूक म्हणजे हीच, असे समीकरण होऊन बसले. दहा लाखावी प्रत १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. एकूण संख्या पुढे सत्तर लाखांपलीकडे गेली.

बिनधुराच्या दारूने मात्र झडप आणि नळकांडे दोघांनाही पेचात टाकले. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक ओळीने असतात. मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडातल्या टोपीला टेकलेले. बुजऱ्या नाकाच्या शिशाच्या गोळीने बिघडत नाही. नव्या, अणकुचीदार, पोलादी वेष्टनाच्या गोळ्या तशा रचल्या तर बाराच्या धक्क्यासरशी टोक टोपीवर आपटून नळकांड्यातच स्फोट व्हायचा. आणि लांब पल्ल्याला टोकदार गोळीच हवी. म्हणून ब्राउनिंगने १८९५ च्या बंदुकीत नळकांडे काढूनच टाकले. लिव्हरपुढे पोटाखाली चौकोनी पेटी, तीत काडतुसे एकावर एक, भरायची वरून. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला शिकारीला गेले तेव्हा .४०५ ची ही रायफल त्यांची सिंहासाठीची लाडकी ‘मेडिसिन गन’ होती.

आणि मग रशियाचा सौदा. पहिल्या महायुद्धात बंदुका कमी पडल्या तेव्हा झारच्या सरकारने विंचेस्टरकडे १८९५ च्या तीन लाख रायफली मागितल्या, रशियन काडतुसाच्या. वरच्या उघडणीला पोलादी खोबण्या बसवून घेतल्या, म्हणजे पट्टीत ओवलेली पाच काडतुसे अंगठ्याच्या एका दाबाने पेटीत उतरावीत. १९१७ पर्यंत त्यांतल्या सुमारे २,९३,००० पोचल्या. लिव्हर रायफलीला मिळालेली ही सर्वांत मोठी लष्करी मागणी, आणि ती देणारे राष्ट्र चाळीस वर्षांपूर्वी प्लेव्हनाला तिच्याच नळीसमोर होते. तोवर जगभरची सैन्ये बोल्टच्या बंदुकांकडे वळली होती. आडवे पडून झाडताना लिव्हर जमिनीला अडतो, हे तर कोणीही पडून पाहावे.

टोकदार गोळीचे सर्वांत देखणे उत्तर दिले ते जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजने. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या ट्रामचा हा व्यवस्थापक. १८९९ च्या त्याच्या रायफलीत पितळी फिरकी आहे; वरून एकेक काडतूस दाबत गेले की फिरकी फिरते आणि प्रत्येक काडतूस आपापल्या खोबणीत बसते. कोणाचे नाक कोणाच्या बुडाला लागत नाही. गोळ्या संपत जातात तशी नळकांड्याची बंदूक पुढून हलकी होते, ही होत नाही. डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीत किती उरल्या तो आकडा दिसतो. घोडाही आत झाकलेला. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटनने तिच्यासाठी सेकंदाला तीन हजार फूट वेगाचे .२५० चे काडतूस काढले. चीनमधला मिशनरी हॅरी कॉल्डवेल तर हलक्या .२२ सॅव्हेजने वाघ मारी. हे धाडस की वेडेपणा, ते वाचकाने ठरवावे. इतके असूनही खपात सॅव्हेजने विंचेस्टर ९४ ला कधी गाठले नाही. फिरकी महाग पडे, हे एक कारण. दुसरे असे की तिच्यात झडपेची ती चालता-चालता भरण्याची सोय नव्हती. चार बार काढून एक घालायचे तर दार उघडावे लागे.

इथे मार्लिनचा मुद्दा घ्यायला हवा, कारण आवडनिवडीत भरण्याइतकेच रिकामे होणेही मोजले जाते. विंचेस्टर पुंगळी वर फेकते. मार्लिनच्या ल्यूइस हेपबर्नने १८८९ मध्ये सांगाड्याचा माथा बंद केला आणि पुंगळी उजवीकडे उडवली. हेतू साधा : पाऊस, बर्फ, काड्या आत जाऊ नयेत आणि गरम पुंगळी तोंडासमोर उडू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकारी रायफलीवर दुर्बीण बसवू लागले तेव्हा हा बंद माथा लाखमोलाचा ठरला. विंचेस्टरवर दुर्बीण बसवायची तर ती एका बाजूला लटकवावी लागे. त्यांनी पुंगळी तिरकी फेकण्याची सोय केली ती १९८० च्या दशकात. शिवाय १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी त्यांनी आतला उचलक पत्रा ठोकून बनवायला घेतला. गिऱ्हाइकांनी ते इतके मनाला लावून घेतले की त्याआधीच्या ९४ ला आजही जास्त किंमत मोजली जाते. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आताची विंचेस्टर ९४ जपानच्या मिरोकू कंपनीत बनते.

.२२ सारख्या चिमुकल्या काडतुसाला झडप कधीच मानवली नाही. मार्लिनने १८९१ च्या .२२ मध्ये सुरुवातीला झडप देऊन पाहिली आणि लवकरच बदलली. पुढून पितळी आतनळी ओढायची, खिडकीतून काडतुसे सोडायची, आतनळी परत सारायची : मुले जी लिव्हर रायफल पहिल्यांदा हाती धरतात तिची हीच रीत झाली. हेन्रीच्या पद्धतीचा हा सुधारलेला वंशज.

१९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हेन्री नावाची नवी कंपनी निघाली. जुन्या हेन्रीशी तिचा संबंध नावापुरता. तिने .२२ च्या स्वस्त, गुळगुळीत चालणाऱ्या रायफलींवर बाजार जिंकला आणि मग .४४, .४५-७० अशा मोठ्या काडतुसांच्या बंदुकाही त्याच आतनळीने भरायच्या काढल्या. झडपेविना. जाणकार चिडले. काडतूस भरताना हात नळीच्या तोंडापाशी जातो, बंदूक नेमातून निघते, आतनळी हरवली किंवा वाकली तर बंदूक एकबारी होते, हे त्यांचे म्हणणे. समर्थकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. झडपेची बंदूक रिकामी करायची तर प्रत्येक काडतूस नळीत घालून बाहेर काढावे लागते. संध्याकाळी दमून परतलेल्या शिकाऱ्याच्या हातून त्यातच बार उडायचा. आतनळी ओढली की काडतुसे तळहातावर ओतता येतात. खरे सांगायचे तर सुरक्षिततेच्या बाजूने आतनळीचे पारडे जड आहे. पण गिऱ्हाइकाला ‘विंचेस्टरसारखी’ बंदूक हवी होती, आणि विंचेस्टर म्हणजे ती झडप. २०१९ पासून हेन्री कंपनीने झडप दिली, आतनळी तशीच ठेवून. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘१८५४’ नावाची रायफल आणली तिच्यातही दोन्ही सोयी आहेत.

नळकांड्यातल्या बुजऱ्या गोळीचा जुना अडसरही याच काळात निघाला. हॉर्नडी कंपनीने लवचीक प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी काढली. ती टोपीला टेकली तरी दबते, टोचत नाही. .३०-३० ला त्यामुळे पल्ला वाढला.

आणि तरी खेळाच्या मैदानावर जिंकते ती १८७३ च्या नमुन्याचीच बंदूक. अमेरिकेत १९८० च्या दशकात गुराख्याच्या पोशाखात, जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी नेमबाजीचा खेळ सुरू झाला. इटलीतल्या उबेर्ती कारखान्याने १८६६ आणि १८७३ च्या नकला केल्या नसत्या तर तो इतका पसरता ना. १८८६ नंतरच्या ब्राउनिंगच्या रचना कितीतरी मजबूत, पण इथे काडतुसे हलकी भरलेली असतात, ताकदीचे काम नसते. लागते ती चपळाई, आणि जुन्या सांधेदार रचनेचा लिव्हर कमी अंतरात फिरतो. आतले सांधे बदलून ते अंतर आणखी आखूड करून देणारे कारागीर आहेत. टेबलापाशी उभे राहून स्पर्धक झडपेतून दहा काडतुसे भरतो, पंच ती मोजतो. मग शिटी वाजते आणि सराईत माणूस ती दहाही दोन-तीन सेकंदांत पोलादी पाट्यांवर रिकामी करतो. काडतुसाची लांबी किंचित चुकली तर तो पितळी ठोकळा आजही अडतो, त्यामुळे घरी काडतुसे भरणारे हे लोक प्रत्येक काडतूस मापून घेतात.